गोव्यात जुनी लाकडी पेटी घ्यायचीय? आधी ती उलटी करा

नऊ वर्षांपूर्वी मी पहिली पेटी घेतली, साडेसात हजाराला. दुकानदार म्हणाला, "बाब, ही व्हाइसरॉयच्या काळातली, एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातून आलीय, घर विकलं म्हणून, नाहीतर असली वस्तू बाहेर येतच नाही." मी भारावून ऐकत राहिलो, घरी आणून हॉलमध्ये ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला तीच गोष्ट मीही सांगायला लागलो. मग गणेश चवथीच्या आधीच्या साफसफाईत बायकोने ती उचलून उलटी केली आणि म्हणाली, "अहो, व्हाइसरॉयकडे प्लायवूड होतं का हो?"

तेव्हापासून मी कुठल्याही पेटीचं तोंड शेवटी बघतो, बूड आधी. खाली जे लिहितोय ते या नऊ वर्षांत चुका करून, मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, बसून आणि चार-पाच वेळा फसून शिकलेलं आहे. पोर्तुगीज किंवा ब्रिटिश काळातली नक्षीची पेटी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे, जाणकारांनी सोडून दिलं तरी चालेल.

१. आधी कळू दे की कुठल्या पेट्या असतात

गोव्यात मिळणारी प्रत्येक जुनी पेटी "पोर्तुगीज" नसते, खरं तर बहुतेक नसतातच. इथल्या घरांत पेट्या आल्या त्या माणसांबरोबर. मुंबईला नोकरी केलेले, आफ्रिकेत राहून आलेले, बोटीवर गेलेले तारवटी, हे लोक परत येताना पेट्या आणायचे. त्यामुळे साधारण हे प्रकार दिसतात:

- लिहायची पेटी: उघडली की उतरतं मेज होतं, आत दौतीचा खण, पेनाचा खण. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. ही ब्रिटिश पद्धतीची. दौतीच्या खणाशेजारची फळी दाबली की कधी कधी चोरखण निघतो, विकणाऱ्यालाही माहीत नसतो.
- कापराच्या लाकडाची पेटी: चीनकडची, मकाव-हाँगकाँगच्या वाटेने आलेली. कपड्याला कसर लागू नये म्हणून.
- साडेली कामाच्या पेट्या: सुरत-मुंबईच्या, ज्यांना बाहेर "बॉम्बे बॉक्स" म्हणतात. बारीक चौकोन-त्रिकोणांची नक्षी, त्यात शिंग, हाड, आबनूस (काळं टणक लाकूड), कथलाची तार, आणि पुष्कळदा हस्तिदंत.
- चंदनाच्या कोरीव पेट्या: कुमठा, होन्नावर, सागर भागातल्या गुडीगारांच्या. हे कारागीर मूळचे गोव्याचेच असं सांगतात.
- सावंतवाडीचं लाखकाम: रंगीत, वर फुलापानांची वेलबुट्टी. सावंतवाडीच्या राजवाड्यात हे काम आजही चालतं, म्हणजे नवी कोरी पेटी सुद्धा जुन्यासारखी दिसते हे ध्यानात ठेवा.
- आणि ज्याला खरंच गोव्याचं म्हणायचं ते सतराव्या शतकातलं काम, सागवानावर आबनूस आणि हस्तिदंताची जडवणूक, एकात एक गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी, खालचे पाय नागकन्येच्या आकाराचे. या छोट्या खणांच्या कपाटांना पोर्तुगीजमध्ये कोंतादोर म्हणतात. लिस्बन आणि लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. तुम्हाला कोणी म्हापशाच्या बाजारात असली पेटी वीस हजारात देत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

२. दोन महिने नुसतं बघा, पैसे घरी ठेवा

हे कोणी ऐकत नाही, मी पण नव्हतं ऐकलं. ओल्ड गोव्याला सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे तिथे जा, बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय बघा, चांदरचं मिनेझिस ब्रागांझा घर आणि लोटलीचं फिगेरेदो घर बघा. तिथे हात लावू देत नाहीत पण डोळ्याला सवय होते. खरी दोनशे वर्षांची शिसवी कशी काळपट चमकते, कुठे झिजते, पितळ कसं मावळलेलं असतं हे एकदा डोळ्यात बसलं ना की दुकानातली चहाच्या पाण्याने आणि पोटॅशियम परमँगनेटने काळी केलेली पेटी लांबूनच वेगळी वाटायला लागते.

नंतर एखाद्या जुन्या मेस्ताकडे जाऊन बसा, जो दुरुस्तीची कामं करतो तो. माझं अर्धं शिक्षण फोंड्याच्या एका मेस्ताकडे झालं, तो बोलतो कमी, पण एक फळी हातात देऊन "वजन बघ" म्हणतो आणि तेवढ्यात सागवान आणि फणस यातला फरक कळतो.

३. बरोबर काय न्यायचं

- छोटी टॉर्च, मोबाईलची पण चालेल पण वेगळी बरी
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजीकडे असतं तसलं
- लोहचुंबक, फ्रिजवरचं सुद्धा चालतं
- मोजपट्टी
- पांढरा कागद एक-दोन
- कापसाची काडी आणि थोडं स्पिरिट (विचारल्याशिवाय वापरायचं नाही!)
- आणि शक्य असेल तर कमी बोलणारा मित्र. जास्त बोलणारा नको, तो "वा काय पीस आहे" म्हणतो आणि भाव तिथेच दोन हजाराने चढतो.

४. पेटी उलटी करा

हा सगळ्यात मोठा भाग आहे, घाई करू नका. दुकानदार "काळजीपूर्वक हां" म्हणेल, तुम्ही खाली टॉवेल घालून शांतपणे उलटी करा.

बूड. खरी जुनी पेटी खालून कोरडी, करडी-तपकिरी, पॉलिश न केलेली असते, कारण जे दिसत नाही त्यावर कोण पैसे घालवणार. खालीही छान एकसारखा डार्क रंग मारलेला असेल तर विचारा का मारला. प्लायवूड दिसलं तर एक तर पेटी विसाव्या शतकातली आहे किंवा बूड बदललंय.

करवतीच्या खुणा. टॉर्च आडवी धरून बघा. गोल कमानीसारख्या रेघा म्हणजे मशीनची गोल करवत. सरळ पण वेड्यावाकड्या रेघा म्हणजे हाताची. पण इथे एक गोम आहे, आपल्याकडे गावातले सुतार खूप उशिरापर्यंत हातानेच कापत होते, त्यामुळे हाताची खूण दिसली म्हणून लगेच दोनशे वर्षं धरू नका.

स्क्रू आणि खिळे. एक स्क्रू काढू देतात का विचारा. साधारण १८५० च्या आधीच्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच नेमकी मधोमध नसते. टोकदार, सारख्या आट्यांचा स्क्रू त्यानंतरचा. अधिकच्या चिन्हाची खाच असेल तर १९३० च्या दशकानंतरचा, त्यात वादच नाही. गोल तारेचे खिळेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सर्रास झाले. आता, एक नवा स्क्रू दिसला म्हणून पेटी खोटी ठरत नाही हो, दीडशे वर्षांत बिजागरी चारदा बदलली असेल. भोक बघा. शेजारी जुनं बुजवलेलं भोक असेल तर बदललीय, आणि सगळीच भोकं ताजी, आतलं लाकूड पिवळं-कोवळं, तर मग पेटीच ताजी.

सांधे. खण बाहेर ओढा, कोपऱ्यातले डव्हटेल बघा, म्हणजे एकमेकांत अडकवलेले दातेरी सांधे. हाताने कापलेले दात थोडे कमीजास्त असतात, सुताराने आखलेली बारीक रेघ पण सापडते. सगळे दात फोटोकॉपी काढल्यासारखे सारखे म्हणजे मशीन.

बोट फिरवा. हे मला मेस्ताने शिकवलं. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, पितळ आकसत नाही. त्यामुळे जुन्या पेटीत लाकडात बसवलेली पितळी पट्टी किंचित वर आलेली लागते, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागते. नव्या पेटीत सगळं सपाट, काचेसारखं. झाकणावर लाकडाच्या रेघेबरोबर गेलेली एखादी भेग असेल तर घाबरू नका, उलट बरं वाटू दे.

झीज. माणसाचा हात जिथे लागतो तिथेच झिजायला हवं. झाकणाची पुढची कड, किल्लीच्या भोकाभोवती, खालचे चार कोपरे. मागच्या बाजूला मधोमध झीज कशी येईल? सगळीकडे सारखी झीज म्हणजे कोणीतरी पॉलिशपेपर घेऊन बसलं होतं.

चुंबक. पितळेला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा.

कुलूप. इंग्रजी कुलुपांवर नाव किंवा राणीच्या नावाची आद्याक्षरं आणि वर मुकुट असा छाप असतो, व्हिक्टोरिया म्हणजे १८३७ ते १९०१. पण कुलपाचं वय म्हणजे पेटीचं वय नव्हे. नव्या पेटीला जुनं कुलूप लावणं हा सगळ्यात स्वस्तातला मेकअप आहे.

वास. चंदनाची पेटी बाहेरून घमघमत असेल तर तेल चोळलंय. जुन्या चंदनाचा वास आतून, दबका येतो, बोटाने जरा घासलं की मग वर येतो. कापराच्या पेटीचंही तसंच.

पॉलिश. परवानगी मिळाली तर मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटची काडी लावा. लाखेचं पॉलिश विरघळून चिकट होतं, काडीला रंग येतो. आजकालचं मेलामाईन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) असेल तर काही होत नाही. अर्थात नंतर कोणी जुन्या पेटीवर मेलामाईन फासलेलं असू शकतं, तसं असेल तर रडू येतं पण पेटी जुनीच असते.

कीड. खाली पांढरा कागद ठेवा आणि पेटीवर हलक्या हाताने टकटक करा. ताजं पिठासारखं भुस्कट पडलं, भोकांच्या कडा फिक्या आणि तीक्ष्ण दिसल्या तर कीड चालू आहे. भोकं काळपट, आत धूळ, तर जुनी गोष्ट. चालू कीड असलेली पेटी पहिल्या खेपेला घेऊच नका, ती घरातल्या देव्हाऱ्याला पण लागेल.

५. हस्तिदंत असेल तर हात जोडून परत द्या

इथे मस्करी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात १९८६ आणि १९९१ ला दुरुस्त्या झाल्या आणि हस्तिदंताचा देशातला व्यापार पूर्ण बंद झाला, आधी भारतीय मग आफ्रिकन पण. "साहेब ही दोनशे वर्षं जुनी आहे, जुन्याला चालतं" असं सांगणारे भेटतील. चालत नाही. वारसाने आलेलं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या मालकी प्रमाणपत्राचा विषय येतो, पण विकत घेणं-देणं नाहीच. कासवाच्या पाठीचं काम असेल तरी तेच.

ओळखायचं कसं? भिंगातून बघा. हाडात बारीक काळे ठिपके-रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या खुणा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, जाळीसारख्या. प्लास्टिकमध्ये काहीच नसतं किंवा अगदी समांतर रेघा असतात. गरम सुई टोचून बघायचा सल्ला देतात तो ऐकू नका, वस्तू खराब होते आणि दुकानदार ती तुमच्याच गळ्यात मारतो. शंका असेल तर नाही घ्यायची, संपलं. साडेलीच्या पेट्यांचा मला फार मोह होता, एक सुद्धा घेतलेली नाही.

६. कुठून आली हे विचारा, पण गोष्टीवर भाव देऊ नका

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर घेतलेली पेटी गोव्यात आली की पोर्तुगीज होते, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. जोधपूरहून आलेलं नवं "अँटिक फिनिश" फर्निचर कळंगुट-कांदोळीच्या रस्त्यावर तेच करतं. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात तर बहुतेक नवंच असतं, आवडलं तर नवं म्हणून घ्या की, त्यात काय वाईट, नवी पेटीही सुंदर असते, फक्त नव्याच्या भावात घ्या.

थेट घरातून घेत असाल तर दोन गोष्टी बघा. एक, वाटणी झालीय का. गोव्यात मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेला वारसा कायदा चालतो, भावंडं लिस्बनला, लंडनला, दुबईला असतात आणि इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नसते, मग गावातला एक भाऊ परस्पर वस्तू काढतो. माझ्या एका ओळखीच्या माणसाला पैसे देऊन घेतलेली पेटी सहा महिन्यांनी परत करावी लागली, कारण बहीण आली आणि म्हणाली ती आईची होती. तेव्हा सगळ्यांना माहीत आहे का हे सरळ विचारा, लाजू नका, आणि जमलं तर एकाच्या ऐवजी दोघांच्या सह्या घ्या.

दुसरं, पेटीवर क्रूस, संतांची मूर्ती, आय एच एस ही येशूच्या नावाची अक्षरं किंवा देवळातली खूण असेल, किंवा ती फंडपेटीसारखी (दानपेटीसारखी) दिसत असेल, तर ती कपेलातून (छोट्या चर्चमधून) किंवा देवळातून चोरीला गेलेली नाही ना याची खात्री होईपर्यंत हात लावू नका.

७. भाव

आकडे सांगत नाही कारण प्रत्येक पेटी वेगळी. मी क्रम सांगतो. मूळ पॉलिश शाबूत असेल तर सगळ्यात जास्त किंमत, त्याखालोखाल आतले खण-दौती पूर्ण असणं, मग मूळ कुलूप-किल्ली. नक्षी भरपूर आहे म्हणून जास्त देऊ नका, साधी शिसवी पेटी जर अंगाने पूर्ण असेल तर ती नक्षीच्या डागडुजी केलेल्या पेटीपेक्षा सरस. आणि पहिल्या पेटीला एवढेच पैसे घाला की फसलात तरी महिन्याचं गणित बिघडणार नाही.

८. कागदपत्रं

पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू "पुरातन वस्तू" ठरते. ती बाळगायला, विकत घ्यायला बंदी नाही, पण अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला भारतीय पुरातत्त्व खात्याचं लायसन्स लागतं. आता गंमत ऐका. दुकानदार दीडशे वर्षं म्हणाला की शांतपणे म्हणा, "बरं, मग बिलावर तसं लिहून द्या आणि लायसन्स नंबर पण टाका." दहातले आठ जण लगेच म्हणतात, "नाही म्हणजे, अँटिक स्टाईल आहे." झालं, भाव तिथून पुन्हा बोलायला सुरू करायचा.

तुमच्या फाईलमध्ये हे असू दे:

- बिल: वस्तूचं वर्णन, लाकूड, मापं, अंदाजे काळ, विकणाऱ्याचं नाव-पत्ता-सही
- घरातून घेतली तर विकणाऱ्याचं साध्या कागदावरचं पत्र, वस्तू त्यांची आहे आणि विकायचा हक्क आहे असं, ओळखपत्राची प्रत जोडून
- घेतल्याच दिवशी काढलेले फोटो: सगळ्या बाजू, बूड, कुलूप, प्रत्येक डाग आणि भेग
- दुरुस्ती केली तर काय केलं त्याची नोंद, आधीचे-नंतरचे फोटो

मूर्तिकाम किंवा जुनं चित्रकाम असलेल्या काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. तुमच्या पेटीवर संतांची कोरीव आकृती किंवा रंगवलेलं चित्र असेल तर पुरातन वस्तूंच्या नोंदणी अधिकाऱ्याला आधी विचारा.

आणि मुलगा कॅनडात आहे म्हणून त्याला पाठवायचा विचार असेल तर तो आताच सोडा. १०० वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पेटी त्याहून नवी पण दिसायला जुनी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरातन नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाहीतर एअरपोर्टवर अडकते. या खात्याच्या गोवा सर्कलचं ऑफिस ओल्ड गोव्यालाच आहे.

९. घरी आणल्यावर काही करू नका

म्हणजे खरंच. माझी दुसरी पेटी खरी होती, लिहायची, सुंदर. मी काय केलं, आजी तांब्या-पितळेची भांडी सोलांनी (आमसुलांनी) घासायची तशी कोपऱ्यांची पितळं सोलं भिजवून घासली. पितळ गुलाबी पडलं, आजूबाजूच्या लाकडावर डाग आले, आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा मावळता सोनेरी रंग दहा मिनिटांत गेला. तो परत येत नाही. मेस्त बघून काही बोलला नाही, नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला.

तर: पहिला महिना पेटी बाकीच्या लाकडी सामानापासून लांब, पांढऱ्या कागदावर ठेवा, भुस्कट पडतं का बघा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. ओलं फडकं नको, रॉकेल नको, खोबरेल तेल तर अजिबात नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. लाकूड फारच कोरडं वाटलं तर मधमाशांच्या मेणाचं पॉलिश अगदी पातळ, वर्षातून एकदा. निघालेला जडवणुकीचा तुकडा पाकिटात ठेवून मेस्ताकडे न्या, घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नका, नंतर तो निघत नाही, आणि निघालाच तर लाकूड घेऊन निघतो.

१०. पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर थेट ठेवू नका, खाली दोन पट्ट्या घाला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत बुरशी धरते. एसीचा झोत पण नको, दिवसा कोरडं रात्री दमट असं झालं की वरची पातळ फळी उचलते. पंधरा दिवसांतून एकदा झाकण उघडून तासभर पंख्याखाली ठेवा. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत, पॉलिशला थेट लागू देऊ नका.

शेवटचं, किल्ली कधीही पेटीच्या आत ठेवू नका. काही जुन्या पेट्यांचं कुलूप झाकण दाबलं की आपोआप बसतं. माझं बसलं, किल्ली आत. मेस्ताने अर्धा दिवस घालून मागच्या बिजागरीच्या पिना एकेक करून ठोकून काढल्या, कुलपाला धक्का न लावता, आणि वर म्हणाला, पुढच्या वेळी पेटीसकट मलाच विकत घे. आता किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकलेली असते.